ऋषीची भाजी कशासाठी खायची?

भाद्रपद लागला की फोनवर एक मजकूर फिरू लागतो. ऋषिपंचमीची भाजी खाल्ली की शरीरातली विषद्रव्यं निघून जातात, चेहऱ्यावर तेज येतं, केस गळायचे थांबतात, आपले पूर्वज किती थोर होते बघा. तो कोणी लिहिला ते कळत नाही, पण दर वर्षी त्यातले फायदे वाढलेले असतात. यंदा तो आमच्या कोकणातल्या घरी पंचमीच्या आदल्या संध्याकाळी, आरती आटोपल्यावर मोठ्याने वाचला गेला आणि त्यावरून दोघींची जुंपली.

एक माझ्या सासूबाई. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असत, आता निवृत्त आहेत. पंचमी निष्ठेने करतात. दुसरी त्यांची भाची, म्हणजे माझी मामेनणंद. ती पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ आहे. श्रद्धा आणि विज्ञान अशी सरळ वाटणी या दोघींत होत नाही, म्हणूनच ते बोलणं इथे मांडावंसं वाटलं. समोर परातीत अळू, माठ, भोपळा होता आणि हाताखाली विळी. बोलणं भाजी चिरून होईपर्यंत चाललं आणि दुसऱ्या दिवशी पानावर पुन्हा सुरू झालं.

भाची : आत्या, ही विषद्रव्यं कुठली, हे या मजकुरात कधीच लिहिलेलं नसतं. रक्तातलं नको ते बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, आपण झोपलेलो असतानाही करतात. एका दिवसाच्या भाजीने त्यात काही फरक पडत नाही. माझ्याकडे मुली येतात आणि विचारतात, नवरात्रात नऊ दिवस फक्त फळं खाल्ली, तरी पुळ्या का गेल्या नाहीत? त्यांना काय सांगू?

आत्या : खरं ते सांग. तो मजकूर मलाही नको आहे. मी भाजी खाते ती पंचमी आहे म्हणून. तेज यावं म्हणून नाही खात.

भाची : पंचमी आहे म्हणून, हे उत्तर झालं का? व्रत कशासाठी सांगितलंय ते तुलाही माहीत आहे. पाळीच्या दिवसांत नकळत शिवाशीव झाली, त्याचा दोष जावा म्हणून. सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा करायची, आघाड्याच्या काडीने दात घासायचे, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि हे सगळं बाईला महिन्याच्या महिन्याला रक्त जातं त्याचं प्रायश्चित्त म्हणून. त्यापेक्षा तेज येतं म्हणणारा मजकूर बरा की!

आत्या : आधी कहाणी पुरती आठव. एक ब्राह्मण जोडपं. बायकोने विटाळाच्या दिवसांत भांड्यांना हात लावला म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल. दोघंही आपल्याच मुलाच्या दारात जन्माला आली. मुलाने आईबापांचं श्राद्ध घातलं. खिरीत सापाने गरळ टाकलं, ते कुत्रीने पाहिलं. जेवणारे मरू नयेत म्हणून तिने खिरीला तोंड लावलं, तर सुनेने तिलाच मारलं. बैलाला दिवसभर नांगराला जुंपलं आणि त्याच्यापुढे वैरणीची काडी टाकली नाही. रात्री दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगतात आणि ते मुलाच्या कानावर पडतं. मला त्या कहाणीत विटाळ दिसत नाही, उपाशी बैल दिसतो. ज्याच्या जिवावर श्राद्धाचं अन्न पिकलं तोच उपाशी राहिला. म्हणून एक दिवस त्याच्या कष्टाचा घास घ्यायचा नाही. श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो, आणि पाचव्या दिवशी पंचमी येते. मी त्या दोन दिवसांची सांगड घालते.

भाची : तुला बैल दिसतो, कारण तू तो बघायचं ठरवलंस. पण कहाणीत दोष बाईच्या पदरी बांधलाय, आणि तो ऐकत मुली मोठ्या होतात. पाळी हा दोष मानला की तिच्याबद्दल बोलणं थांबतं. जास्त रक्तस्राव होतो हे सांगितलं जात नाही, अंगावर काढलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यांतल्या कितीजणी केस गळतात, चेहरा ओढलेला दिसतो म्हणून माझ्यासारखीकडे येतात आणि महागडी तेलं मागतात. त्यांना तेल नको असतं, लोह हवं असतं.

आत्या : यात मी तुझ्या बाजूने आहे. पाळीत पाप नाही हे मी वर्गात शिकवलं आणि घरातही. या घरात पंचमी पुरुषही करतात, कारण बैलाचं देणं सगळ्यांवर आहे. प्रायश्चित्ताचा संकल्प मी करत नाही. ऋषींना हात जोडते, कारण ज्यांनी रानातलं खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं वेगळं केलं, त्यांचं ऋण आहे असं मी मानते. त्यांची नावं कश्यप, अत्री असोत की कुणा डोंगरातल्या बाईचं नाव असो.

भाची : आणि बैल तरी राहिलेत कुठे? मंडईत ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात. त्यातला भोपळा ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातला, भेंडी ठिबक सिंचनाखालची. त्या दिवशी भावही चढलेले.

आत्या : बैल गेला तरी कष्ट गेले नाहीत. परसात जे होतं ते होतंच. बाकीचं मी डोंगरातून खाली उतरणाऱ्या बायकांकडून घेते. करांदे, अळू, रानातली काकडी त्या डोक्यावरून आणतात. त्या दिवशी त्या सांगतील ती किंमत द्यायची, घासाघीस करायची नाही. आज व्रताचा नियम मांडायचा झाला तर मी हाच मांडेन. आपल्या पानात कुणाची पाठ वाकली आहे, ते दिवसभर लक्षात ठेवायचं.

यानंतर काही वेळ बोलणं भाजीवरच राहिलं. आमच्याकडे ती अशी होते. मोठ्या टोपात तळाशी सुरणाचे आणि करांद्यांचे तुकडे, कारण त्यांना शिजायला वेळ लागतो. वर मक्याच्या कणसाचे गोल काप, लाल माठाचे सोललेले जाड देठ, अळूचे देठ आणि चिरलेली पानं. मग लाल भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी, ओल्या भुईमुगाचे दाणे. हिरवी मिरची, मीठ आणि शेवटी मूठ-दोन मूठ ओलं खोबरं. फोडणी नाही, तेल नाही, हळद नाही. काही घरांत वरून लोणी किंवा तूप घालतात, आमच्याकडे दुभत्याचं काहीच नसतं. आंबटपणाला अंबाडे ठेचून घालतात. त्याचं कारण सासूबाई दर वर्षी सांगतात. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात म्हणून खाज सुटते. आंबट घातलं आणि नीट शिजवलं की ती खाज मरते. सोबत वरीचा भात. वरी डोंगरउतारावर कुदळीने केलेल्या जमिनीत येते, तिला नांगर लागत नाही. म्हणून ती चालते.

भाची : एक डॉक्टर म्हणून सांगते, या टोपात नाव ठेवायला जागा नाही. इतक्या जातीच्या भाज्या माझ्या रुग्णांच्या पोटात आठवडाभरातही जात नाहीत. चोथा भरपूर, माठात आणि अळूत फोलेट, भोपळ्यात आणि पालेभाज्यांत कॅरोटिनॉइड. ती शरीरात शोषली जायला थोडी स्निग्धता लागते, ती खोबऱ्यातून मिळते. अंबाड्याचा आंबटपणा पालेभाजीतलं लोह शोषायला मदत करतो. आणि चेहऱ्याचं म्हणशील तर तेही अगदीच खोटं नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवडे लोक काय खातात आणि त्यांच्या त्वचेचा रंग कसा बदलतो ते मोजलं. ज्यांच्या खाण्यात फळं-भाज्या वाढल्या त्यांच्या त्वचेत कॅरोटिनॉइडची किंचित पिवळसर झाक वाढली, आणि बघणाऱ्यांना ती निरोगी वाटते असं दिसलं.

आत्या : सहा आठवडे. आणि पंचमी एक दिवसाची.

भाची : तेच तर. शिवाय ती माणसं बहुतेक गोऱ्या कातडीची होती, आपल्या वर्णावर तो फरक किती दिसेल हे त्यावरून ठरवता येत नाही. एका दिवसाने काहीच होत नाही, हे मी ठामपणे सांगते.

आत्या : पण आपल्याकडे एकच दिवस कुठे असतो? दोन एकादश्या, एक संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, महाशिवरात्र. बेरीज कर. एवढे दिवस माणूस जिभेला आवर घालत असेल तर त्याचा काही उपयोग होत नसेल का?

भाची : आवर घालत असेल तर ना! एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. उपासाचं पान आठव. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वेफर्स, दुधाचा चहा चार वेळा, रात्री पेढा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० उष्मांक आणि प्रथिनं नावाला. ते खाल्लं की रक्तातली साखर झरकन चढते, मागोमाग इन्शुलिन चढतं, आणि इन्शुलिन वाढलं की त्वचेतल्या तैलग्रंथींना चेव येतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ४३ तरुण मुलग्यांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, २००७ साली तो छापून आला. साखर हळू चढवणारं अन्न ज्यांना दिलं त्यांच्या पुळ्या दुसऱ्या गटापेक्षा जवळजवळ दुपटीने कमी झाल्या. त्यांचं वजनही उतरलं होतं, म्हणजे श्रेय सगळं अन्नाचं की वजनाचं हे सांगणं अवघड. तरी दिशा कळते. दुधाचा आणि पुळ्यांचा संबंधही काही पाहण्यांत दिसलाय, पण तिथे पुरावा याहून कच्चा आहे. म्हणजे चेहऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर आपला रूढ उपास उलट्या दिशेने जातो.

आत्या : आणि गंमत नाही, खरी गोष्ट सांगते. ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, भुईमूग, मिरची, हे सगळंही अमेरिका खंडांतलं. पोर्तुगीज आल्यानंतर हे इथे रुजलं. साबुदाण्याचे कारखाने तर तमिळनाडूत सेलमला गेल्या शतकात उभे राहिले. म्हणजे उपासाला काय चालतं हा नियम आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी एकदा वाकवला आहे. जिभेसाठी वाकवला. मग शरीरासाठी वाकवायला कोण अडवतंय? वरी, राजगिरा, सुरण, भोपळा, काकडी, ताक. एकादशीचं पान यावरही होतं.

भाची : मग तू मजकुराला एवढा विरोध का करतेस? लोकांना सांगू या की हे पान घ्या, तब्येतीला चांगलं आहे, चेहऱ्यालाही चांगलं आहे.

आत्या : सांग. पण ते व्रत आहे असं सांगू नकोस.

इथून पुढचं बोलणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. भाची उठून आत गेली, पाणी पिऊन आली आणि तिने ग्रीसचा विषय काढला.

भाची : ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपास करतात, तो ऐक. ईस्टरच्या आधी ४८ दिवस, नाताळच्या आधी ४०, ऑगस्टमध्ये मेरीच्या सणाआधी १५, आणि वर्षभर बहुतेक बुधवार-शुक्रवार. निष्ठेने करणाऱ्यांचे वर्षाचे १८० ते २०० दिवस उपासाचे होतात. उपास म्हणजे उपाशी राहणं नव्हे. मांस, अंडी, दूध, चीज बंद. कडधान्यं, भाज्या, पाव, फळं, ऑलिव्ह चालतात. कोळंबी-शिंपल्याही चालतात. क्रीट बेटावर हेराक्लिओनला काफातोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० जणांना वर्षभर तपासलं, निम्मे उपास करणारे, निम्मे न करणारे. २००३ साली निष्कर्ष छापले. उपासाच्या शेवटी उपास करणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल दुसऱ्या गटापेक्षा सरासरी साडेबारा टक्क्यांनी कमी होतं, आणि वाईट म्हणतात ते जवळजवळ १६ टक्क्यांनी.

आत्या : हे तर पुष्कळ झालं.

भाची : थांब, उरलेलंही सांगते. चांगलं कोलेस्टेरॉलही थोडं उतरलं. आणि उपास संपून नेहमीचं खाणं सुरू झालं की आकडे पुन्हा चढायला लागले. आणखी एक गोष्ट. १९५८ साली सुरू झालेल्या सात देशांच्या प्रसिद्ध अभ्यासात क्रीटच्या शेतकऱ्यांची हृदयं सगळ्यांत धडधाकट निघाली. जगाने श्रेय ऑलिव्ह तेलाला दिलं, बाटल्या खपल्या. ती माणसं वर्षातले कितीतरी दिवस उपास करत होती, त्याकडे फारसं कोणी पाहिलंच नाही, हे क्रीटच्याच संशोधकांनी पुढे दाखवून दिलं.

आत्या : मला एक सांग. ती माणसं कोलेस्टेरॉलसाठी उपास करत होती?

भाची : नाही. तो शब्द त्यांच्या आजोबांनी ऐकलाही नसेल.

आत्या : मग उत्तर तुझ्याच हातात आहे. आकडे पुन्हा चढतात म्हणालीस. म्हणजे फायदा एका उपासाचा नाही, पुन्हा पुन्हा करण्याचा आहे. वर्षाचे २०० दिवस, आणि असं आयुष्यभर. इतकं माणूस कशाने करतो? फायद्याने?

भाची : नाही करत. हे मी रोज पाहते. रुग्णाला मी खाण्याचं पत्रक देते. साखर कमी करा, पालेभाजी वाढवा, बारा आठवडे तरी धीर धरा. पंधरवड्यात फोन येतो, डॉक्टर, काही फरक नाही, सोडून देऊ का? त्याच बाई सोळा सोमवार मात्र एकही न चुकवता करतात. म्हणून तर म्हणते आत्या, ही निष्ठा माझ्या उपयोगी पडू दे. मी व्रताच्या नावाने सांगितलं तर त्या टिकतील. त्यांचंच भलं होईल.

आत्या : टिकणार नाहीत. तू व्रताला चेहऱ्याचं आमिष जोडलंस की बाई रोज आरशात बघणार. सहा आठवड्यांनी पुळी तशीच असली की पत्रकासारखं व्रतही सोडणार. निष्ठा टिकते ती हिशेब मागत नाही म्हणून. हिशेब मागायला शिकवलंस तर तिच्यातलं बळच जाईल. आणि दुसरं कारण याहून मोठं आहे. मघाशी तू म्हणालीस, पोथीने बाईला सांगितलं की तुझ्या शरीरात दोष आहे, म्हणून व्रत कर. बरोबर बोललीस, मला पटलं. आता हा मजकूर काय सांगतो? तुझा चेहरा उजळ नाही, केस दाट नाहीत, म्हणून व्रत कर. हेही तेच झालं. तिथे विटाळ होता, इथे काळा डाग आहे. दोन्हीकडे बाईचं शरीर आधी चुकीचं ठरवलंय आणि मग ते दुरुस्त करायला व्रत दिलंय. मी जुना दोष पंचमीतून काढला तो नवा आणून बसवण्यासाठी नाही.

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सूर न चढवता, पण मागेही न हटता उत्तर दिलं.

भाची : हे मी मानते. चेहरा उजळण्याचं आमिष मी माझ्या तोंडून कधी देणार नाही. पण तू म्हणतेस तसं व्रताला हिशेबच नको, हे मला चालणार नाही. हिशेब न केल्यामुळे बायका आजारी पडतात. हरतालिकेला निर्जळ, मध्ये एक दिवस पाहुण्यांचा स्वयंपाक, लगेच पंचमी. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असलेली बाई पोटात काही न घेता राहिली तर साखर उतरून ती बेशुद्ध पडू शकते. गरोदर बाई पाण्यावाचून राहते. वजन उतरावं म्हणून कोणी महिनाभर जेमतेम खातं, आणि दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. तेव्हा त्याचा संबंध उपासाशी आहे हे लक्षातही येत नाही. दूध-अंडी कायमची सोडणाऱ्याला बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं, ते भाज्यांत नसतं. हे कोणी सांगायचं? देवाचं काम आहे म्हणून डॉक्टरने तोंड मिटून बसायचं?

आत्या : नाही. ते तू सांगायचंस, आणि माझ्यासारखीने तुझ्या आधी सांगायचं. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं शास्त्रातच सांगितलंय. पाणी, कंदमुळं, फळं, दूध त्यांत आहेत. गुरूचं वचन आहे, आणि औषधही आहे. लहान, म्हातारं, आजारी, अवघडलेली, यांना सूट पहिल्यापासून आहे. ती सूट घेणं म्हणजे कमी निष्ठा, हे नंतर कोणीतरी बायकांच्या मनात भरवलं. पुढच्या वर्षी तू वैद्यकीय नियम लिहून दे, मी ते पूजेच्या आधी वाचीन. आघाड्याच्या काडीइतकाच तो विधीचा भाग.

भाची : म्हणजे तब्येत व्रताला कुंपण घालील.

आत्या : घालू दे. त्या कुंपणामुळे कोणाला इजा होणार नाही. पण व्रत कशासाठी, हे तिने सांगायचं नाही.

भाची : इथे मी तुझ्याशी पूर्ण सहमत नाही, आत्या. एखाद्या बाईला फायदा कळला, त्या ओढीने ती पालेभाजीकडे वळली, आणि मग तिला त्यात काही अधिक सापडलं, असंही होऊ शकतं. दार कुठलंही असो, आत येऊ दे.

आत्या : येऊ दे की. मी फक्त दारावर खोटी पाटी लावू नका म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मांडली. घरातले सगळे, पुरुष आणि मुलंही, तीच भाजी आणि वरीचा भात जेवले. भाचीने दोनदा मागून घेतली. जेवताना एक गोष्ट ठरली. हा टोप वर्षातून एकदा चढवायचा नाही. आठवड्यातून एक दिवस, त्या त्या ऋतूच्या भाज्यांचा, बिनतेलाचा, बिनदुधाचा, सगळ्या घराने मिळून खायचा. एकादशीचं पान बदलायचं. साबुदाणा हौसेला, नियमाला नाही. भाचीने लोह आणि बी-१२ तपासायला घरातल्या सगळ्या बायकांची यादी केली, त्यात सासूबाईंचं नाव पहिलं होतं आणि त्यांनी हरकत घेतली नाही.

दोघींचं बोलणं ऐकून माझं मत पक्कं झालं ते असं. वनस्पतिजन्य अन्नावरच्या उपासाचे फायदे खरे आहेत, आणि ते लपवायचं काही कारण नाही. क्रीटमधल्या उपास करणाऱ्यांचं रक्त ते सांगतं, माठ-भोपळ्याची भाजी सांगते. पण ते फायदे फार सावकाश येतात. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं, न कंटाळता करणाऱ्यालाच ते मिळतात, आणि इतकी चिकाटी फायद्याच्या आशेतून येत नाही. ती येते दुसऱ्या कुठल्यातरी निष्ठेतून. कोणाची देवावर असेल, कोणाची बैलावर, कोणाची डोक्यावरून करांदे आणणाऱ्या बाईच्या कष्टावर. म्हणून उपासाची जाहिरात करताना आपण त्याचं मूळच उपटतो. चेहऱ्यासाठी धरलेलं व्रत चेहऱ्याला गुण येण्याइतके दिवस टिकतच नाही.

ज्या बाईला लहानपणापासून आधी तिचा विटाळ आणि मग तिचा रंग दाखवला गेला, तिला एक दिवस असा मिळायला हवा की त्या दिवशी तिच्या शरीरावर कोणी बोट ठेवणार नाही. ती ताटाकडे बघेल, ताटामागच्या माणसांकडे आणि जनावरांकडे बघेल, पोटभर भाजी खाईल, औषध घ्यायचं असेल तर घेईल. पंचमीने एवढं दिलं तरी तिचा फार मोठा उपयोग झाला. त्याच्या जोडीला रक्तातलं लोह वाढलं, कांती सुधारली, तर ते आनंदाने घ्यावं. ते मिळालं नाही तरी पुढल्या भाद्रपदात टोप चुलीवर चढवावाच.